नॅनोद्रवयुक्त उष्णतानलिका

ज्या उष्णतानलिकेत शुद्ध पाण्यासारख्या नेहमीच्या कार्यकारी द्रवाऐवजी नॅनोद्रव भरलेला असतो, तिला नॅनोद्रवयुक्त उष्णतानलिका म्हणतात. उष्णतानलिका म्हणजेच हीट पाइप हे कोणताही हलता भाग नसलेले उष्णता वाहून नेण्याचे साधन असून लॅपटॉप, कृत्रिम उपग्रह, सौर जलतापक इत्यादींमध्ये ते वापरले जाते. नॅनोद्रव म्हणजे साधारणतः १०० नॅनोमीटरपेक्षा लहान घनकणांचे द्रवातील निलंबन होय.

इतिहास

जनरल मोटर्स कंपनीतील आर. एस. गॉगलर यांना अशा साधनाचे अमेरिकी पेटंट १९४४ मध्ये मिळाले. पुढे १९६३ मध्ये लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी स्वतंत्रपणे उष्णतानलिका तयार केली. ‘नॅनोद्रव’ ही संज्ञा आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील स्टीफन चोई यांनी १९९५ मध्ये मांडली.

रचना व कार्य

उष्णतानलिका ही दोन्ही टोकांना बंद केलेली, आतून निर्वात करून थोडा द्रव भरलेली नळी असते. तिच्या आतील भिंतीला सच्छिद्र अस्तर असते. तापलेल्या टोकाला द्रवाची वाफ होते; ती थंड टोकाकडे जाऊन तेथे द्रवरूप होते व अप्रकट उष्मा बाहेर टाकते. दिव्याच्या वातीत तेल चढते त्याप्रमाणे केशाकर्षणामुळे द्रव अस्तरातून पुन्हा तापलेल्या टोकाकडे येतो. १ ग्रॅम पाण्याचे तापमान १° से. ने वाढण्यास सुमारे ४.२ जूल, तर १००° से. ला त्याची वाफ होण्यास सुमारे २,२६० जूल उष्णता लागते. त्यामुळे अल्प द्रवही पुष्कळ उष्णता वाहून नेतो.

दोन टोकांच्या तापमानांतील फरकास वाहून नेलेल्या उष्णतेच्या दराने भागले असता औष्णिक रोध मिळतो. ५० वॅट उष्णता नेताना हा फरक १०° से. असेल, तर रोध प्रतिवॅट ०.२° से. होतो. हा रोध जितका कमी तितकी नलिका अधिक कार्यक्षम.

नॅनोकणांचा परिणाम

तांब्याची औष्णिक वाहकता पाण्याच्या सहाशे पटींहून अधिक असल्याने, कण मिसळल्यास द्रवाची वाहकता खूप वाढेल अशी प्रारंभी अपेक्षा होती. परंतु मॅक्सवेल यांच्या सूत्रानुसार आकारमानाने १ टक्का कण मिसळल्यास ही वाढ जेमतेम ३ टक्के होते. तीसहून अधिक संस्थांनी केलेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक मोजणीतही असाधारण वाढ आढळली नाही.

तरीही अनेक प्रयोगांत औष्णिक रोध घटलेला दिसतो. त्याचे प्रमुख कारण अस्तराच्या पृष्ठभागात होणारा बदल हे मानले जाते. वाफ होताना कण मागे राहतात आणि अस्तरावर त्यांचा पातळ सच्छिद्र थर साचतो. या थरामुळे द्रव व पृष्ठभाग यांमधील स्पर्शकोन कमी होतो, द्रव अधिक सहज पसरतो आणि तापलेला भाग कोरडा पडण्याची क्रिया लांबते. म्हणूनच अस्तरावर आधीच असा थर देऊन शुद्ध पाणी वापरण्याचा पर्यायही अभ्यासला जातो.

मर्यादा

कणांचे प्रमाण वाढविल्यास द्रवाची श्यानता वाढून त्याचा प्रवाह मंदावतो. थर जाड झाल्यास अस्तराची छिद्रे बुजतात व लाभाऐवजी हानी होते. कालांतराने कण एकत्र येऊन खाली बसतात. ते टाळण्यासाठी मिसळलेली पृष्ठसक्रिय द्रव्ये उच्च तापमानास विघटित होऊ शकतात. उष्णतानलिका एकदा बंद केल्यावर वर्षानुवर्षे देखभालीविना चालणे अपेक्षित असल्यामुळे, कणांचे दीर्घकालीन स्थैर्य हा या तंत्राच्या व्यावहारिक उपयोगातील कळीचा प्रश्न ठरतो.