एका बुडालेल्या क्लबची गोष्ट

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे आठवड्याला चार तास, आणि तेही मार्कांपुरतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.

विषय आहे रग्बी. "म्हणजे ते हेल्मेट घालून खेळतात ते का गं?" रूममेटने विचारलं. नाही बाई, ते अमेरिकन फुटबॉल. रग्बी युनियनमध्ये पंधरा विरुद्ध पंधरा, अंगावर चिलखत नाही, बॉल अंड्यासारखा. सगळ्यात भारी नियम असा की बॉल हाताने पास करायचा तर तो पुढे द्यायचा नाही. जायचं पुढे, पास मात्र मागे!

जून २०२५ मध्ये अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली, सात-सात जणांची. कॉमन रूममध्ये आम्ही पाच-सहा जणी बघत बसलो होतो. एकीने विचारलं, "पण या टीम आल्या कुठून?" उत्तर सोपं होतं, मालकांनी घेतल्या. माझ्या डोक्यात मात्र पुढचा प्रश्न अडकला. मालक गेला तर?

हा प्रश्न माझ्या डोक्यात यायला कारण आहे. वर्कशॉपच्या मागे पत्र्याच्या शेडखाली आमच्या ऑटो क्लबच्या गाडीची चेसिस उभी आहे. मी फर्स्ट इयरला असताना एक स्पॉन्सर होता. एकच. सेकंड इयरला त्याने हात वर केले आणि क्लब बंद पडला. चाळीस जणांचा ग्रुप होता, पंधरा दिवसांत चौघं उरलो. त्या रात्री लीगची मॅच संपल्यावर मी मोबाइलवर "मालक गेलेले क्लब" शोधत बसले, आणि सापडलं रिचमंड.

रिचमंड हे लंडनच्या नैऋत्येला, थेम्सकाठचं उपनगर. तिथला रग्बी क्लब १८६१ चा. म्हणजे आपल्याकडे १८५७ होऊन चारच वर्षं झाली होती. तेव्हा रग्बी हा धड एक खेळसुद्धा नव्हता. प्रत्येक शाळेचे, प्रत्येक क्लबचे नियम वेगळे. मॅचच्या आधी दोन्ही कॅप्टननी उभं राहून ठरवायचं, लाथ मारलेली चालेल का, बॉल उचलून पळायचं का. गल्ली क्रिकेटमध्ये "वन टप्पा आऊट आहे का?" ठरवतो ना, अगदी तसं. फरक एवढाच की इथे नडगी फुटायची.

शेवटी रिचमंडचा एडविन ॲश आणि ब्लॅकहीथ क्लबचा बेंजामिन बर्न्स या दोघांनी डिसेंबर १८७० मध्ये 'टाइम्स'ला पत्र लिहिलं, की सगळ्यांनी बसून एक नियमावली करू या. बैठक लंडनच्या पॉल मॉल रेस्टॉरंटमध्ये झाली. तारीख आपल्याला लक्षात ठेवायला सोपी आहे, २६ जानेवारी (साल १८७१). एकवीस क्लब आले आणि रग्बी फुटबॉल युनियन जन्माला आली. पहिला अध्यक्ष अल्जर्नन रटर, रिचमंडचा. पहिला सेक्रेटरी एडविन ॲश, तोही रिचमंडचा. थोडक्यात, ज्या क्लबची ही गोष्ट आहे त्याने खेळाचं रूलबुक लिहायची बैठकच बोलावली होती. वॉस्प्स नावाच्या क्लबचा माणूस म्हणे चुकीच्या जागी जाऊन बसला आणि बैठकीला पोचलाच नाही. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता पैशाची भानगड. युनियनचा हट्ट होता की खेळायचे पैसे घ्यायचे नाहीत. लंडनच्या सुखवस्तू क्लबांना ते परवडायचं. पण उत्तरेतला खाणकामगार किंवा गिरणी कामगार शनिवारी मॅचला गेला की त्याचा खाडा पडायचा, मजुरी बुडायची. उत्तरेचे क्लब म्हणाले, निदान खाडा तरी भरून द्या. युनियन म्हणाली, नाही म्हणजे नाही. ऑगस्ट १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तरेचे क्लब वेगळे झाले. त्यांच्या खेळाला पुढे रग्बी लीग म्हणायला लागले. माझं स्पष्ट मत, उत्तरेवाल्यांचं बरोबर होतं. "हौसेसाठी खेळा" असं म्हणणं पोट भरलेल्या माणसाला सोपं असतं.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, ऑगस्ट १९९५ मध्ये, आंतरराष्ट्रीय बोर्डाने जाहीर केलं की युनियनच्या खेळाडूंनाही उघडपणे पैसे घेता येतील. आदल्या दिवशीपर्यंत गुन्हा, दुसऱ्या दिवशी नोकरी! कुठल्याच क्लबची तयारी नव्हती. पगार किती द्यायचा, करार कसा करायचा, काही पत्ता नाही.

रिचमंड तेव्हा वरच्या गटात नव्हतं. १९९६ मध्ये तिथे ॲशली लेव्हेट नावाचा धनिक आला, तांब्याच्या व्यापारात कमावलेला. त्याने सढळ हाताने पैसा ओतला. इंग्लंडचा बेन क्लार्क, वेल्सचा स्कॉट क्विनेल, अर्जेंटिनाचा अगुस्तीन पिचोट, अशी मंडळी एका उपनगरी क्लबात येऊन दाखल झाली. १९९६-९७ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनचं विजेतेपद, पुढच्या वर्षी सगळ्यात वरच्या लीगमध्ये पाचवा नंबर. सॉलिड ना?

पण हिशोब मांडून बघा. रिचमंडचं मैदान, ॲथलेटिक ग्राउंड, काही हजार माणसांचं. शिवाय ते भाडेपट्ट्यावरचं आणि लंडन स्कॉटिश या दुसऱ्या क्लबाबरोबर वाटून घेतलेलं. तिकिटांच्या पैशातून आंतरराष्ट्रीय खेळाडूंची फौज पोसणं शक्यच नाही. टीव्हीचा पैसा तेव्हा फुटबॉलच्या मानाने चिल्लर. मधली दरी दर महिन्याला एकटा लेव्हेट भरत होता. उपाय म्हणून १९९८ मध्ये क्लबने मॅचेस रीडिंग शहरातल्या नव्या माडेयस्की स्टेडियमवर नेल्या. सुमारे चोवीस हजार खुर्च्या, आणि जागा रिचमंडपासून पन्नासेक किलोमीटर लांब. आता मला सांगा, कोथरूडच्या मंडळाचा गणपती लोणावळ्याला बसवला तर आरतीला किती जण जातील? स्टेडियम मोठं झालं, माणसं त्या प्रमाणात वाढली नाहीत.

मार्च १९९९ मध्ये लेव्हेटने पैसे देणं थांबवलं. क्लब 'ॲडमिनिस्ट्रेशन'मध्ये गेला. म्हणजे दिवाळखोरीच्या आधीचं स्टेशन, बाहेरचा नेमलेला माणूस येऊन सगळा हिशोब ताब्यात घेतो. त्याच वर्षी लंडन स्कॉटिशचीही तीच गत झाली. दोन्ही व्यावसायिक संघ लंडन आयरिशमध्ये विलीन केले आणि वरच्या लीगमधले चौदाचे बारा क्लब झाले. ज्यांनी बैठक बोलावली होती तेच पंगतीतून उठवले गेले. लेव्हेटला लोक बरंच बोलतात. मला नाही तसं वाटत. तीन वर्षं त्याने स्वतःच्या खिशातून दिले. चूक अशी झाली की त्याच्याशिवाय भागेल असं काहीच उभं राहिलं नाही.

पण इथे एक तांत्रिक मुद्दा आहे, आणि मला तोच सगळ्यात आवडला. बुडाली ती व्यावसायिक संघ चालवणारी कंपनी. सदस्यांचा जुना हौशी क्लब ही वेगळी गोष्ट होती. नाव त्यांचं, ॲथलेटिक ग्राउंडवर जागा त्यांची, आणि शनिवारी बूट घालून येणारी माणसंही त्यांचीच. त्यांनी संघ परत उभा केला आणि २००० मध्ये लीगमध्ये अर्ज केला. नियमाप्रमाणे जागा मिळाली अगदी तळाशी, हर्टफर्डशायर-मिडलसेक्सच्या जिल्हा पातळीवरच्या गटात. दोन वर्षांपूर्वी बाथ-लेस्टरशी खेळणारं नाव आता गावच्या मैदानांवर. केटी लागून पहिल्या सेमच्या पोरांबरोबर पेपर द्यायला बसल्यासारखं.

वर यायला सोळा वर्षं लागली. २०१६ मध्ये रिचमंड वरून दुसऱ्या पायरीवर, चॅम्पियनशिपमध्ये पोचलं. तिथले बहुतेक संघ पूर्णवेळ व्यावसायिक, आणि रिचमंडची पोरं दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणारी. गंमत म्हणजे त्याच हंगामात, त्याच भागातला लंडन वेल्श क्लब कर्जात बुडून लीगबाहेर गेला. रिचमंड २०१९ मध्ये खाली, २०२० मध्ये वर, २०२३ मध्ये परत खाली. झोपाळाच म्हणा ना. बायकांचा विभागही नावाजलेला. २०१७ मध्ये इंग्लंडची बायकांची नवी अव्वल लीग सुरू झाली तेव्हा त्यात रिचमंड होतं, २०२० मध्ये ती जागा गेली. म्हणजे नुसता आनंदीआनंद आहे असं नाही. अर्धवेळ खेळाडूंनी पूर्णवेळवाल्यांशी टक्कर द्यायची तर मार खावा लागतोच.

आता त्या वॉस्प्सकडे या. ते पुढे युरोपचे विजेते झाले, मोठं स्टेडियम घेतलं, डोक्यावर मोठं कर्ज घेतलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये बुडाले. त्याच सुमाराला वूस्टर. आणि लंडन आयरिश, ज्यांच्यात रिचमंडला विलीन केलं होतं? ते २००० ते २०२० माडेयस्कीवरच खेळले, त्याच चोवीस हजार खुर्च्यांपुढे. जून २०२३ मध्ये पैशांअभावी त्यांनाही लीगमधून निलंबित केलं.

२०२५ मध्ये रिचमंडने तिसऱ्या पायरीवरची लीग जिंकली आणि परत वर आलं. घरचं मैदान तेच, ॲथलेटिक ग्राउंड, रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

हे सगळं वाचून मी शेडमध्ये जाऊन आमच्या चेसिसवरची धूळ पुसली, एवढंच केलं. परवा सेकंड इयरची दोन पोरं मला शोधत मेसमध्ये आली, शेडची चावी हवी म्हणून. मी म्हटलं, अरे इंजिन नाहीये त्यात, पैसे नाहीयेत. ती म्हणाली, "माहितेय ताई, आम्हाला फक्त वेल्डिंग शिकायचंय." चावी वर्कशॉपच्या मामांकडे असते. चहाच्या वेळेनंतर गेलात तर देतात.