पुराचुंबकत्व
पुराचुंबकत्व म्हणजे खडकांत जतन झालेल्या प्राचीन भूचुंबकीय क्षेत्राच्या खुणांचा अभ्यास होय. लाव्हा थिजल्यावर त्याचे तापमान मॅग्नेटाइटच्या क्युरी बिंदूखाली (सुमारे ५८०° से.) उतरले की त्यातील खनिजकण तत्कालीन क्षेत्राच्या दिशेने चुंबकित होतात व ती दिशा टिकून राहते. चुंबकीय नती विषुववृत्तावर शून्य, तर ध्रुवांवर ९०° असते. त्यामुळे खडकातील नतीवरून त्याच्या निर्मितीवेळचे अक्षांश काढता येतात, रेखांश मात्र नाहीत. दख्खनचे बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दक्षिण गोलार्धात, ३०° अक्षांशाच्या आसपास तयार झाल्याचे त्यांतील नती दर्शविते. आज ते उत्तर गोलार्धात आहेत. १९५० च्या दशकातील अशा मोजमापांमुळे आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडलेल्या, दीर्घकाळ नाकारलेल्या खंडविप्लवाच्या कल्पनेला भक्कम आधार मिळाला.