पाण्याखालचा कॅमेरा

गोदीच्या दरवाजाला पाण्याखाली तडा गेला, की पाणबुड्याला त्याचे छायाचित्र आणावे लागते. नुसत्या सांगण्यावर वर कोणी भरवसा ठेवीत नाही. १८९३ साली लुई बुताँ याने फ्रान्सच्या किनाऱ्यावर समुद्रात कॅमेरा उतरविला, तेव्हापासून मुख्य अडचण एकच : पाणी प्रकाश खाते, आणि आधी लाल रंग खाते. पंधरा-वीस मीटर खाली स्वतःचे रक्तसुद्धा माणसाला हिरवट दिसते! मग गंज कसा ओळखावा?

म्हणून दिवा बरोबर न्यावा आणि जवळ जावे, अगदी हातभर. लांबून मोठ्या भिंगाने वस्तू ओढून घेता येते खरी, पण मधले पाणी तसेच राहते. तेव्हा रुंद दृश्य टिपणारे भिंग घ्यावे. दिवा भिंगाला लागूनच असला, तर पाण्यातील कण उजळतात आणि चित्रावर पीठ भुरभुरल्यासारखे दिसते. तो लांब दांडीवर, तिरका धरावा. सपाट काचेआडून वस्तू पाऊण अंतरावर भासते, कॅमेऱ्यालाही तशीच. त्यामुळे डोळ्याला दिसेल तेच अंतर लावावे.

या नादात श्वास मात्र कोंडू नये. टाकीतली हवा छातीत कोंडून वर आले, तर ती फुगून फुप्फुस फाटते. बंदराच्या गढूळ पाण्यात चित्र उठत नसेल, तर आम्ही म्हणतो, पाणबुड्याला पुन्हा खाली पिटाळू नका. वर घ्या, आणि गाळ बसेपर्यंत थांबा.