मस्टँगचे पंख चकाकत नाहीत

1944 च्या सुमारास अमेरिकी लढाऊ विमानांवरचा हिरवट रंग गेला आणि पी-51 मस्टँग उघड्या ॲल्युमिनियमची दिसू लागली. पंख मात्र अपवाद! हवा सुरळीत सरकावी म्हणून पंखांच्या पुढच्या भागातले रिव्हेट आणि सांधे कारखान्यातच पुट्टीने बुजवून वर चंदेरी रंग देत. त्यामुळे या विमानाचे छोटे मॉडेल रंगवताना चकचकीत काळ्या अस्तरावर एअरब्रशने धातुरंगाचे पातळ हात द्यायचे ते धडाला. पंखांना साधा, मंद चंदेरी पुरे. आजच्या एअर शोमधल्या आरशासारख्या मस्टँग पाहून फसू नये. एक्झॉस्टमागचा डागही नुसता काळा नको, शिसेयुक्त पेट्रोलमुळे त्यात फिकट राखाडी झाक येई. आणि तपकिरी गंज? ॲल्युमिनियमला तो चढतच नाही, तरी हौशी मंडळी तो हौसेने फासतात.