गाडी उंच केली, पण चाकांची रेषा?

आम्ही कापडाचे व्यापारी. इंजिनातले आम्हाला फारसे समजत नाही, पण सरळ आणि वाकडे यातला फरक समजतो. मागावर ताणा एका बाजूने ढिला राहिला की थान बिघडते. गाडीच्या पुढच्या चाकांचेही तसेच आहे, हे आम्ही पदरचे पैसे घालवून शिकलो.

आमचा भाचा सातपुड्यातल्या आठवडी बाजारांत जुन्या फोर-व्हील जीपने माल नेतो. नाल्यातून जाताना गाडी खालून घासते म्हणून त्याने एका गॅरेजात पुढच्या पाट्यांच्या शॅकल लांब करून घेतल्या. गाडी उंच झाली, पण वेग घेताच स्टिअरिंग थरथरू लागले. वळणानंतर ते आपोआप सरळ होईना. तीन वेळा अलाइनमेंट केले, तरी फरक नाही. सणाच्या तोंडावर दोन बाजार बुडाले.

शेवटी एका जुन्या उस्तादांनी दोष दाखवला. अलाइनमेंटमध्ये तीन मापे असतात. चाके पुढे एकमेकांकडे किती वळली आहेत तो टो, चाक वरून आत किंवा बाहेर किती झुकले तो कॅम्बर आणि ज्या किंगपिनवर चाक वळते तिचा मागे झुकाव तो कॅस्टर. शॅकल पुढच्या टोकाला असेल आणि ती लांब केली, तर ॲक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर घटतो. स्टिअरिंगला सरळ आणणारा तोच. तिन्ही वेळा फक्त टो जुळवला गेला होता. उस्तादांनी पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये निमुळती पाचर बसवून कॅस्टर परत आणला. पाचरीने पुढच्या शाफ्टचा कोनही बदलतो, म्हणून तोही तपासला.

२०२० नंतरच्या थारसारख्या गाडीत पुढची दोन्ही चाके स्वतंत्र आर्मवर असतात. ती उंच केली की कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात, टायर एका कडेने झिजतात आणि हाफ शाफ्टच्या सांध्यावर ताण येतो.

आणखी एक गोष्ट. अखंड ॲक्सलच्या गाडीत पाटे किंवा स्प्रिंग वाढवून फक्त बॉडी वर जाते, ॲक्सलचा गोळा होता तिथेच राहतो. तो वर न्यायला टायरच मोठे हवेत. त्यामुळे दगडावर घासतो तो गोळा असेल, तर लिफ्टचा खर्च वाया जातो.

कायदाही ध्यानात ठेवावा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते ती वेगळीच.

म्हणून व्यापारी बांधवांनी आधी विचारावे, गाडी नक्की कुठे घासते? काम केलेच तर ब्रेकचे पाइप ताणले जात नाहीत ना, हेडलाइट वर गेले नाहीत ना, हे पाहावे. तिन्ही मापांचा कागद हातात घेतल्याशिवाय पैसे चुकते करू नयेत. गॅरेजवाल्या कारागीर बांधवांनीही तो कागद न मागता द्यावा. आमच्या भाच्याला तो मिळाला असता, तर दोन बाजार बुडाले नसते.