चोवीस मुले, एक चेंडू

सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक फुटबॉल स्पर्धा २०१७ साली भारतात भरली. तिच्या निमित्ताने १५ सप्टेंबर रोजी दहा लाख मुलांना मैदानावर आणण्याचा संकल्प महाराष्ट्र शासनाने सोडला आणि शाळाशाळांतून चेंडू पोहोचले. उपक्रम स्तुत्यच होता. परंतु चेंडू देणे आणि खेळ देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे अद्याप पुरेसे उमगलेले दिसत नाही.

लहान मुलांना फुटबॉल शिकविण्याची रूढ रीत सर्वपरिचित आहे. प्रथम मैदानाला फेऱ्या, मग रांग, रांगेतल्या प्रत्येकाची एकेक लाथ आणि अखेरीस दोन तट पाडून सामना. चोवीस मुले चाळीस मिनिटे एका चेंडूवर खेळली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी एक मिनिट चाळीस सेकंद येतात. प्रत्यक्षात ही वाटणीही समान होत नाही. अंगापिंडाने थोराड असलेली चार मुले चेंडू बळकावतात. किरकोळ मुलगा कडेला उभा राहतो आणि काही दिवसांनी यायचाच बंद होतो. त्याच्यात गुण नव्हते असे म्हणता येत नाही. ते पाहण्याची संधीच कोणी घेतली नाही.

याच चोवीस मुलांचे सहा-सहांचे चार गट करून चार चेंडू दिले, तर तोच वाटा चौपट होतो. हॉकीचे जर्मन प्रशिक्षक होर्स्ट वाईन यांनी फुटबॉलसाठी तीन विरुद्ध तीन असा खेळ रूढ केला. त्यात गोलरक्षक नाही. प्रत्येक बाजूला दोन, असे चार छोटे गोल असतात. एक गोल अडला तर दुसरा मोकळा आहे का, हे मुलाला मान वर करून स्वतःच पाहावे लागते. शिट्टीच्या हुकमाने जे शिकविता येत नाही, ते मैदानाच्या रचनेतून साधते. जर्मनीच्या फुटबॉल संघटनेने २०२४-२५ च्या हंगामापासून लहान मुलांसाठी अशाच छोट्या संघांचे खेळ सक्तीचे केले. सर्वांत लहान वयोगटांत गुणतक्तेही नाहीत.

श्रीमंत देशाची ही रीत वऱ्हाडला परवडेल काय? खरे तर तिची गरज वऱ्हाडलाच अधिक आहे. येथील काळी जमीन पावसाळ्यात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पूर्ण आकाराचे मैदान सांभाळणे बहुतेक शाळांच्या आवाक्याबाहेरचे आहे. उलट मुरूम पसरलेला एखादा लहानसा तुकडा सहा मुलांना पुरतो. गोलाच्या खुणेसाठी विटा चालतात. खर्च वाढतो तो तीन जादा चेंडूंचा.

शिवाय ही कल्पना आपल्याला परकीही नाही. आट्यापाट्यांत हूल देऊन पाटी ओलांडणारा मुलगा चेंडूवाचून फुटबॉलचेच एक अंग शिकत असतो. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडविणाऱ्या या नगरीने देशी खेळ आणि फुटबॉल यांची सांगड घातली, तर ते परंपरेला धरूनच होईल.

नागपूरचे उदाहरण तर शेजारचेच आहे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळणारी झोपडपट्टीतील मुले पाहिली आणि २००१ च्या सुमारास ‘स्लम सॉकर’चे कार्य उभे राहिले. २०१६ साली ‘फिफा’ने या संस्थेला विविधतेचा पुरस्कार दिला. बारसे यांनी आधी मुलांची निवड केली नाही. आधी त्यांना खेळू दिले.

आक्षेप दोन घेतले जातील. एक शिक्षक चार खेळांवर लक्ष कसे ठेवणार? येथे त्याने सतत हुकूम सोडायचे नसल्यामुळे तो फिरता राहू शकतो; वरच्या वर्गातील मुले साहाय्याला घेता येतात. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: चषक नसेल तर पालक आणि संस्थाचालक यांना दाखवायचे काय? परंतु आठव्या वर्षी मिळालेला चषक कपाटात राहतो आणि कडेला उभा राहिलेला मुलगा मैदानाला कायमचा मुकतो. हा तोटा कोणत्याही शाळेच्या अहवालात नोंदविला जात नाही. म्हणून शाळांनी वर्षअखेर जिंकलेल्या सामन्यांऐवजी एकच आकडा मांडावा: जूनमध्ये खेळायला आलेल्यांपैकी मार्चमध्ये किती मुले खेळत होती?