पदवीनंतरची दोन वर्षे

अक्षय्य तृतीया आणि श्रुतपंचमी यांच्यामध्ये जेमतेम महिनाभराचे अंतर असते. जळगाव जामोद तालुक्यात या महिन्याला स्वतःचा रंग आहे. तृतीयेच्या सायंकाळी भेंडवळच्या शेतात घट मांडले जातात, धान्ये गोलाकार रचली जातात आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला पाऊसपाण्याचे भाकीत ऐकण्यासाठी शेतकरी आणि व्यापारी दोघेही गर्दी करतात. त्याच तृतीयेला वर्षीतप पूर्ण करणारे तपस्वी इक्षुरसाने पारणे करतात. आणि याच सुमारास पदवीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा आटोपून मुले-मुली घरी परततात. निकाल लागण्याआधीच घरात विषय निघतो : "आता पुढे काय?"

घटमांडणीत कापूस, ज्वारी, पाऊस या सर्वांची भाकिते होतात, एम.कॉम.चे होत नाही. ते घरातच करावे लागते.

व्यापारी कुटुंबात या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर असते. "तोपर्यंत एम.कॉम. करून घे." या वाक्यात एम.कॉम.पेक्षा ‘तोपर्यंत’ हा शब्द अधिक महत्त्वाचा आहे. मुलाच्या बाबतीत त्याचा अर्थ, दुकानाची दुसरी शाखा निघेपर्यंत किंवा स्पर्धा परीक्षेत यश येईपर्यंत. मुलीच्या बाबतीत, मनाजोगे स्थळ येईपर्यंत. पदव्युत्तर शिक्षण अशा वेळी निवडले जात नाही. रेल्वेच्या प्रतीक्षालयात बसावे तसे त्यात बसले जाते. प्रतीक्षालयाचे भाडे मात्र द्यावेच लागते, आणि ते विशी-बाविशीतल्या दोन वर्षांचे असते.

जळगाव जामोदसारख्या गावासाठी हे भाडे शहरापेक्षा जास्त आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे हे तालुक्याचे ठिकाण. गावाला रेल्वे नाही, गाडी धरायची तर नांदुऱ्याला जावे लागते. बुलढाणा जिल्हा ज्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो, त्याची स्थापना १९८३ ची. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम हे पाच जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आहेत. विद्यापीठाचे आवार मात्र येथून दीडशे किलोमीटरच्या आसपास दूर. एखादा विषय जवळच्या महाविद्यालयात मिळतो, एखाद्यासाठी खामगाव किंवा अकोला गाठावे लागते, आणि विज्ञानाच्या किंवा व्यवस्थापनाच्या विशिष्ट शाखांसाठी अमरावती, नागपूर, पुणे. शुल्काचा आकडा माहितीपत्रकात छापलेला असतो. खोलीचे भाडे, मेस, सुट्टीत घरी येण्या-जाण्याचा खर्च आणि त्या दोन वर्षांत न झालेली कमाई यांचा आकडा कोणी छापत नाही. चौविहार पाळणाऱ्या मुलीला सूर्यास्तापूर्वी जेवण देणारे वसतिगृह मिळेल का, हा प्रश्नही आपल्या घरांत त्याच हिशेबात धरला जातो, आणि तो क्षुल्लक नाही. ज्या शहरात समाजाचे वसतिगृह आहे तेथे तो सुटतो. नसेल तर आधी चौकशी करून मगच प्रवेश घेतलेला बरा.

एवढा खर्च करून जे दार उघडायचे, ते या पदवीवाचून खरोखरच बंद आहे का, हे आधी पाहावे. काही दारे निश्चितच बंद आहेत. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला शिकवायचे तर त्या विषयातील पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागते. वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे तर पदव्युत्तर परीक्षेत खुल्या प्रवर्गासाठी किमान ५५ टक्के गुण आणि त्यानंतर नेट, सेट किंवा पीएच.डी. ‘नेट’मधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात, संशोधनाची आवड असलेल्या विद्यार्थ्याला घरावर भार न टाकता शिकण्याचा हा मोठा आधार आहे. प्रयोगशाळेत, औषधनिर्मितीच्या संशोधन विभागात, सांख्यिकीच्या कामात पुढे जायचे असेल तरीही केवळ पदवी बहुधा अपुरी पडते.

याउलट कित्येक दारे आधीच उघडी असतात आणि तरीही त्यांच्यासमोर दोन वर्षे थांबले जाते. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला, राज्यसेवेला, बँकांच्या अधिकारी पदाच्या परीक्षांना पदवी पुरते. ‘एम.ए. करता करता अभ्यास होईल’ असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचा ना एम.ए. मनापासून होतो, ना तो अभ्यास. औषधांचे दुकान टाकायचे असेल तर नोंदणीकृत फार्मासिस्ट व्हावे लागते आणि त्यासाठी डी.फार्म. किंवा बी.फार्म. चालते, एम.फार्म. हा अध्यापनाचा आणि उद्योगातील संशोधनाचा मार्ग आहे. कृषी सेवा केंद्राचेही तसेच. कापूस आणि संत्र्याच्या या पट्ट्यात तो अनेकांचा पिढीजात धंदा आहे. नव्या नियमांनुसार कीटकनाशकांच्या विक्रेत्याला ठरावीक शैक्षणिक पात्रता लागते, पण त्यासाठी कृषी पदवी पुरेशी आहे. ज्यांच्याकडे ती नाही अशा विक्रेत्यांसाठी हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने आखलेला वर्षभराचा पदविका अभ्यासक्रमही आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करणे उत्तमच, मात्र ते वनस्पतिरोग किंवा मृदाशास्त्र यांसारख्या विषयाच्या ओढीने करावे. परवान्यासाठी त्याची गरज नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी : मार्च २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सनदी लेखापाल, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट या अर्हता पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानल्या. सी.ए.चा अभ्यास करणाऱ्या मुलाने केवळ नावापुढे अक्षरे हवीत म्हणून एम.कॉम. करण्याचे कारण त्यामुळे उरलेले नाही.

पत्रव्यवहारात ज्या गावाशी जळगाव जामोदची नेहमी गल्लत होते, त्या खानदेशातील जळगावचे उदाहरण समाजात वारंवार दिले जाते. वाकोद येथे १९३७ मध्ये जन्मलेले भवरलाल जैन वाणिज्य आणि कायद्याचे पदवीधर होते. शासकीय नोकरीची संधी बाजूला ठेवून १९६३ मध्ये कुटुंबाच्या ७,००० रुपयांच्या बचतीवर त्यांनी रॉकेल विक्रीचा व्यवसाय सुरू केला. त्यातून पुढे ठिबक सिंचनाचा उद्योग उभा राहिला. हे उदाहरण ‘जास्त शिकून काय होणार’ या वाक्याच्या पुष्टीसाठी वापरले जाते, आणि तेथे ते चुकीचे ठरते. त्या काळात खेड्यातून जाऊन दोन पदव्या घेणे हे थोडे शिक्षण नव्हते. त्यांनी थांबायचे ठरवले ते पुढे काय करायचे हे ठरले होते म्हणून.

दुसरे उदाहरण अमरावतीचे आहे आणि तितकेसे सांगितले जात नाही. डॉ. हीरालाल जैन यांचा जन्म १८९९ चा. अलाहाबाद विद्यापीठातून त्यांनी संस्कृतमध्ये एम.ए. केले आणि कायद्याची पदवीही घेतली. वकिली हा त्या काळातील प्रतिष्ठेचा आणि पैशाचा मार्ग होता. त्यांनी संशोधनाचा धरला आणि १९२५ मध्ये अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात, म्हणजे आजच्या विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेत, ते संस्कृतचे प्राध्यापक झाले. कारंजा लाड येथील मंदिरांच्या शास्त्रभांडारांत अपभ्रंश भाषेतील हस्तलिखिते शतकानुशतके वेष्टनात बांधून पडली होती. गंध-अक्षता वाहून त्यांची पूजा होत होती. ती वाचू शकणारे हात मात्र नव्हते. १९३२ ते १९३४ या काळात ‘सावयधम्मदोहा’, ‘पाहुडदोहा’, ‘णायकुमारचरिउ’ आणि ‘करकंडचरिउ’ हे ग्रंथ त्यांनी संपादित करून प्रकाशात आणले. पुढे १९३९ मध्ये धवला टीकेसह षट्खंडागमाचा पहिला खंड अमरावतीहून निघाला, आणि सुमारे वीस वर्षांत सोळा खंड पूर्ण झाले. ज्या ग्रंथाच्या स्मरणार्थ श्रुतपंचमी साजरी होते, तो ग्रंथ सामान्य वाचकाच्या हाती पडण्याची सुरुवात वऱ्हाडातल्या एका महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या मेजावरून झाली.

या कामात त्यांच्यासोबत पं. फूलचंद्र शास्त्री, पं. बालचंद्र शास्त्री यांच्यासारखे पाठशाळांच्या परंपरेत तयार झालेले पंडित होते. विद्यापीठाच्या पदवीने पाठभेद तपासण्याची, प्रस्तावना लिहिण्याची, भाषाशास्त्राची शिस्त दिली. सिद्धान्ताची बैठक पंडितांकडून आली. एकट्या पदवीने हे झाले नसते, आणि पदवीशिवाय झाले असते असेही नाही. पदव्युत्तर शिक्षणाचे खरे प्रयोजन येथे दिसते : एका विषयाजवळ इतके जाणे की त्यातील अडचण स्वतःला दिसू लागावी. ज्या विद्यार्थ्याला पदवीच्या तीन वर्षांत एकदाही अभ्यासक्रमाबाहेरचे पुस्तक उघडावेसे वाटले नाही, त्याला पुढची दोन वर्षे ते वाटू लागेल अशी आशा पालकांनी करू नये. ज्याला वाटते, त्याला नोकरीची हमी मागून अडवूही नये. त्याला अडचणी तेवढ्या स्पष्ट सांगाव्यात. प्राकृत भाषेला ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीसोबत अभिजात दर्जा मिळाला, तरी प्राकृत शिकवणारी पदे देशभर मोजकीच आहेत. हे ठाऊक असूनही ज्याला तो विषय हवा असेल, त्याचा निर्णय बहुधा झालेलाच असतो.

मुलींचा प्रश्न निराळा आहे, कारण तेथे निर्णय पुष्कळदा दुसऱ्यांच्या सोयीने होतो. परिचयपत्रात ‘एम.कॉम. चालू’ असे लिहिता यावे म्हणून भरलेला प्रवेश अर्ज विवाह ठरताच गुंडाळला जातो. एक वर्ष झालेले, दुसरे राहिलेले. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रात दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम ८८ श्रेयांकांचा आहे. पहिल्या वर्षाचे ४४ श्रेयांक पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यास पदव्युत्तर पदविका मिळते आणि ते श्रेयांक खात्यावर जमा राहतात. सासरी गेल्यावर उरलेले वर्ष पूर्ण करण्याची वाट त्यामुळे पूर्वीपेक्षा मोकळी आहे. विवाहाच्या बोलणीत दागिन्यांची यादी होते, तेव्हा या ४४ श्रेयांकांचाही उल्लेख व्हावा.

कमला सोहोनी यांच्यासमोर १९३३ मध्ये याहून मोठा अडसर होता. माहेरच्या त्या कमला भागवत. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या या मुलीला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पुढील संशोधनासाठी प्रवेश हवा होता. ती मुलगी आहे एवढ्याच कारणावरून संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी नकार दिला. ती तेथे जाऊन ठाम राहिली, एक वर्षाच्या परीक्षाकाळाची अट स्वीकारून आत शिरली आणि १९३६ मध्ये एम.एस्सी. झाली. तीन वर्षांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. तिचे वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनतज्ज्ञ होते. पाठीशी जाणते घर असणे किती उपयोगी पडते, याचा विचार ज्या घरात आजवर कोणी पदव्युत्तर शिकलेले नाही त्यांनी जरूर करावा. तेथे नात्यातील एखाद्या शिकलेल्या मामांना, आत्याला किंवा महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकांना त्या चर्चेत बसवावे लागते.

पैशाविषयी संकोच न बाळगता बोलावे. आठ लाखांचे शैक्षणिक कर्ज १० टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचे तर हप्ता दरमहा सुमारे १३,३०० रुपये पडतो. शिक्षण संपल्यावर पहिला पगार किती असेल, याचा अंदाज त्याच अभ्यासक्रमातून नुकत्याच बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना विचारून काढावा आणि मग हा हप्ता त्याच्याशेजारी ठेवावा. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला मात्र ती लागू नाही. जैन समाजाला २७ जानेवारी २०१४ पासून राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा आहे, पण त्याचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला ऐन प्रवेशाच्या आठवड्यात काढायला गेले की तहसील कार्यालयातील रांगेत दिवस मोडतात. हे काम मार्च-एप्रिलमध्येच उरकावे.

घर किंवा दुकान सोडणे ज्यांना शक्य नाही, त्यांना नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आहे. मान्यताप्राप्त मुक्त व दूरस्थ पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष असल्याचे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. राजस्थानात लाडनूं येथील जैन विश्वभारती संस्थानातून जैनविद्येचे एम.ए. घरी बसून करणाऱ्यांत गृहिणी आणि निवृत्त व्यापारीही असतात. तेथे वयाचा प्रश्न येत नाही, आणि ‘तोपर्यंत’चाही.

आता एक नवा पेच आला आहे. २०२४-२५ मध्ये महाविद्यालयात प्रवेश घेतलेली तुकडी २०२७ मध्ये तीन वर्षे पूर्ण करील. या मुलांपुढे दोन वाटा असतील : तिसऱ्या वर्षानंतर पदवी घेऊन दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण, किंवा त्याच विषयात चौथे वर्ष करून एका वर्षाचे. चौथ्या वर्षी संशोधनासह ७५ टक्के गुण मिळाल्यास थेट पीएच.डी.साठी पात्र होता येते. दोन्ही वाटांची एकूण वर्षे सारखीच. फरक एवढाच की विषय किंवा गाव बदलायचे असेल त्याने तिसऱ्या वर्षानंतर निघणे सोयीचे, आणि ज्याला त्याच विषयात राहायचे आहे त्याने आपल्या महाविद्यालयात चौथे वर्ष सुरू होणार आहे का, हे दुसऱ्या वर्षातच प्राचार्यांना विचारून ठेवावे. तालुक्याच्या ठिकाणी सर्वच विषयांना ती सोय मिळेल असे धरून चालता येणार नाही.